एकोणीस तारखेचं नाव

खळ अजून ओली होती. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या नव्या पत्रकावरून छायाबाईंनी पंजा फिरवून हवा काढली, चार कोपरे दाबले आणि नेहमीसारखं बोट सरळ एकोणीस तारखेवर नेलं. बोट तिथंच थांबलं. ‘संग्रामपूर मंडळी. पाळक : रेव्ह. शेखर तायडे व कुटुंब.’ बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला. शेखर तायडेच. आता हा कोण शेखर तायडे? चार वर्षं त्या ओळीत रेव्ह. प्रेमानंद साळवे, सौ. धम्मशीला आणि छकुली असायचे, म्हणजे छायाबाईंचा पोरगा, सून आणि नात. बाईंनी एक तारखेपासून एकतीस तारखेपर्यंत बोट फिरवलं. चिखली पाहिलं, धाड पाहिलं, अमडापूर पाहिलं, पार नागपूरच्या मोठ्या चर्चपर्यंत जाऊन आल्या. प्रेमानंद कुठंच नव्हता. बदली झाली असती तर दुसऱ्या गावाच्या ओळीत सापडला असता. तेही नाही. कपाटाचं दार तसंच उघडं टाकून बाई पलंगाच्या कडेवर टेकल्या.

हे प्रार्थनापत्रक धर्मप्रांताच्या कचेरीतून दर तीन महिन्यांनी येतं. साहेबलोकांच्या अँग्लिकन चर्चची ही रीत, साहेब गेले तरी राहिलेली. महिन्याची एकेक तारीख एकेका मंडळीला, म्हणजे एकेका गावच्या चर्चला, वाटून दिलेली, आणि त्या तारखेला अख्ख्या धर्मप्रांतानं घरोघरी त्या मंडळीसाठी आणि तिच्या पाळकासाठी प्रार्थना करायची. बाकीचे लोक पत्रक बायबलात घालून विसरतात. साळव्यांच्या घरी तसं नव्हतं. छायाबाईंचे यजमान जानराव हे रीतिरिवाजाचे मोठे पक्के. पत्रक आलं की मैद्याची खळ शिजवायची, जुन्या पत्रकावरच नवं डकवायचं आणि रोज सकाळी सहाला दार उघडून त्या दिवसाची ओळ तेवढी वाचायची. पुढची वाचायची नाही. उद्याच्या पाळकाची काळजी आज करू नये म्हणे. पत्रकाच्या मागच्या बाजूला काय असतं, असं बाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. "बिशपसाहेबाचे दौरे असतात," जानराव म्हणाले होते, "त्याईचे त्याईले माहीत. आपल्याले काय करायचं?" झालं, विषय संपला. जानराव जाऊनही चार वर्षं झाली, पण खळ शिजत राहिली, आणि थरावर थर चढून दार आतून चांगलं पुठ्ठ्यासारखं जाड झालं.

जानरावांचा पुढचं न वाचायचा नियम बाई एकाच तारखेपुरता मोडत. पत्रक डकवलं की आधी एकोणीसचं नाव बघायचं. बघायचं म्हणजे काय, आहे ना जागेवर, एवढंच. पोराशी त्या चार वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. सुरुवातीचे तीन महिने त्याचा फोन यायचा. मोबाईलवर ‘संग्रामपूर’ असं नाव उमटायचं (पोराचं नाव काढून बाईंनी गावाचं टाकलं होतं) आणि बाई फोन वाजून वाजून थकेपर्यंत त्याच्याकडं बघत बसायच्या. मग तो यायचा बंद झाला. पण एकोणीस तारखेला, पत्रकात छापलंय म्हणून, दुसऱ्या कोणत्या कारणासाठी नव्हे, त्या त्याचं नाव तोंडानं घ्यायच्या. "प्रभू, तुझा सेवक प्रेमानंद, त्याची पत्नी, त्याची लेक, यांना सांभाळ." दात आवळून. लहानपणी त्याला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन द्यायच्या, तसं. सातव्या वर्षी त्याला तो सांधे धरणारा ताप आला होता आणि डॉक्टरांनी कानाला नळ्या लावून म्हटलं होतं, सिस्टर, हृदयाच्या झडपेला सांभाळा याच्या. बाई स्वतः सरकारी दवाखान्यात सिस्टर, सांभाळलं त्यांनी. अठरा वर्षांचा होईपर्यंत एक तारीख चुकवली नाही. पोरगं बाकावर पालथं पडायचं, रडायचं नाही, फक्त विचारायचं, "झालं का बे आई?" आईला बे म्हणतो म्हणून जानराव त्याला रागवायचे, आणि बाईंना सुई काढता काढता हसू यायचं.

आता एकोणीसला तो नाही, म्हणजे कुठंच नाही. रविवारची ती सबंध दुपार बाई नुसत्या आठवत राहिल्या, की सकाळी चर्चमध्ये कोण कसं वागलं. आणि बघा, आठवायला बसलं की सापडतंच. पाळकसाहेबांनी दारात हात हातात घेतला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला होता. काऊन? पत्रकं वाटणारे नारायणराव, मंडळीचे सेक्रेटरी, एरवी दहा गोष्टी सांगणारा माणूस, त्यांनी पत्रक हातात ठेवलं आणि मान खाली घातली. मागच्या बाकावर दोघी कुजबुजत होत्या, बाई वळल्या तशा गप्प झाल्या. यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या पोराचं काहीतरी झालंय आणि अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे, फक्त आईला नाही! पण झालंय काय? मेला असता तर सांगितलं असतं, मेलेल्या माणसाचं कोणी लपवत नाही, पेटीला चार खांदे लागतात. मग काढून टाकलं असेल. पाळकाला काढतात ते कशासाठी काढतात? बाईंनी एकेक गोष्ट डोळ्यांपुढं आणली आणि एकेक झटकून टाकली. पोरगं चोर नव्हतं. पोरगं दारूडं नव्हतं. पोरगं फक्त बापाच्या मातीला उशिरा आलं होतं.

तो दिवस बाईंना आठवायचा नसतो, आणि तोच रोज आठवतो. जानराव शनिवारी रात्री गेले. रविवारी चार वाजता माती ठरली. संग्रामपूरला नेमकी त्या रविवारी दृढीकरणाची, म्हणजे लेकरांना मंडळीत पक्कं सामील करून घ्यायची उपासना, बिशपसाहेब आलेले, अकरा लेकरं पांढरे कपडे घालून उभी. प्रेमानंदनं फोनवर सांगितलं, आई, एवढं उरकतो आणि निघतो, थांब माझ्यासाठी. आला तो मोटरसायकलवर, शेगाव-खामगाव करत, सव्वापाचला, भुवयांपर्यंत धुळीनं माखलेला. तोवर खड्डा भरून वरची माती फावड्यानं बसवून झाली होती. आणि बाई पन्नास माणसांसमोर म्हणाल्या, "त्या अकरा लेकराईचा बाप हो आता तू. माह्या घरचा कोणी नको होऊ." पोरगं मातीवर हात ठेवून बसलं. लोकांना हे सगळं माहीत आहे. लोकांना माहीत नाही ते एवढंच, की चार वाजता नारायणरावांनी बाईंच्या कानाशी येऊन विचारलं होतं, बाई, तासभर थांबू या का, पोरगा रस्त्यात आहे. आणि बाई म्हणाल्या होत्या, नाही. झाकण लावा. बाईंनीच. रागानं. तो उशिरा आला असं बाई चार वर्षं जगाला सांगत आल्या, आणि एक तास कोणी दिला नाही ते फक्त नारायणराव जाणतात. म्हणून नारायणरावांची नजर बाईंना कधी सोसली नाही. जानराव असते तर थांबले असते. जानराव तर रेशनच्या रांगेतसुद्धा दुसऱ्यासाठी थांबायचे.

सोमवारी बाई मुद्दाम भाजी घ्यायला नारायणरावांच्या घरावरून गेल्या. दसरा तोंडावर होता, नारायणराव ओट्यावर बसून शेजाऱ्यांच्या नातीला झेंडूचा हार ओवून देत होते. "सलाम, बाई," ते उठले. "सलाम." बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सरळ विचारायचं नाही असं ठरवूनच निघाल्या होत्या, कारण पोराची खबर आईनं दुसऱ्याला विचारायची म्हणजे शरमच. "पत्रक वाचलं का तुमी, बाई?" नारायणरावांनीच विचारलं. "वाचलं ना. न वाचायले काय झालं?" "मंग?" "मंग काय?" नारायणरावांच्या हातातली सुई थांबली. "नाही, म्हणलं, जाता का काय?" "कुठं?" बाईंचा आवाज चढला. नारायणराव त्यांच्याकडं बघत राहिले. ती नजर बाईंनी ओळखली. झाकण लावा म्हटल्यावर बघितलं होतं, तेच बघणं. "नाही. काही नाही. तुमची मर्जी," ते म्हणाले आणि पुन्हा ओवायला लागले. बाई भाजी न घेताच घरी आल्या. जाता का? कुठं जाता का? संग्रामपूरला, त्या शेखर तायड्याला हार घालायला? चीड आली. मग चीड गेली आणि नुसती भीती उरली, आणि भीतीपेक्षा चीड बरी होती.

मंगळवारी एक नवाच संशय डोक्यात शिरला आणि तो आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट निघाला. पोरानं स्वतःच नाव काढायला लावलं असेल. कचेरीत कळवलं असेल, की साहेब, माझी आई ते पत्रक वाचते, तिच्या तोंडी माझं नाव नको. का नाही म्हणणार? बाई दात आवळून प्रार्थना करायच्या ते संग्रामपूरपर्यंत पोचत असेल तर! देव म्हणजे काही दवाखाना नाही, की सिस्टरचं तोंड कसंही असलं तरी इंजेक्शन लागू पडतं. की देवाकडंही लागू पडतं? बाईंना ठरवता येईना. रात्री जेवण गेलं नाही. मोबाईल हातात घेऊन ‘संग्रामपूर’पर्यंत गेल्या आणि परत ठेवला. तीन महिने तो करत होता तेव्हा उचलला नाही, आता कोणत्या तोंडानं?

बुधवारी पहिली तारीख. सकाळी सहाला दार उघडून पहिली ओळ वाचली, कोणत्यातरी पाळकासाठी प्रार्थना केली, कोणासाठी ते आमेन म्हणताच विसरल्या. अकरा वाजता पाळकसाहेबांच्या घरी बायकांची सभा असते, तिथं गेल्या. दारात चपला काढताना आतून आवाज येत होता, संजीवनीबाईंचा, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीचा, प्रार्थनेतला हळू आवाज. आत पाय टाकला आणि तो आवाज मध्येच तुटला. सात बायकांनी डोळे उघडले आणि सातही जणींनी छायाबाईंकडं पाहिलं. एकीचे डोळे ओले होते. "या बाई, या, बसा," संजीवनीबाई गडबडीनं म्हणाल्या, सतरंजीवर जागा केली, आणि मग ‘आमेन’ न म्हणताच गाणं धरलं. प्रार्थना अर्धी टाकून गाणं! बाईंनी तीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. गाणं होईपर्यंत त्या ताठ बसून राहिल्या. चहाच्या वेळी संजीवनीबाई जवळ सरकल्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाई, मनावर दगड ठेवला तुमी, समजते मले. पण आमी सगळ्या हावोत. तुमी नुसतं हो म्हणा, आजच्या आज गाडीत बसवून देतो. सोबतबी येतो." "काऊन?" छायाबाई म्हणाल्या. "मले काय झालं गाडीत बसवायले? जड झाली का मी मंडळीले?" "अवं बाई, तसं नाही..." "मंग कसं हाय? बोला ना. तोंडातल्या तोंडात काय बोलून राह्यल्या चौघी-चौघी? चार दिवसांपासून पाहून राह्यली मी." संजीवनीबाईंचा चेहरा पडला. "पत्रकात सारं लिहिलंच हाय की बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "अजून काय तोंडानं बोलाव? तुमच्या दुखण्यावर कोण बोट ठेवल?" सारं! बाईंनी कप खाली ठेवला, इतक्या जोरात की चहा बशीत सांडला. सारं लिहिलंय म्हणजे काय, तर माझ्या पोराच्या जागी शेखर तायडे लिहिलंय, आणि ते वाचून मी समजून जावं असं यांचं म्हणणं. बाई उठल्या आणि निरोप न घेता निघाल्या. मागून कोणीतरी हाक मारली, वळल्या नाहीत.

घरी येईपर्यंत ऑक्टोबरचं ऊन डोक्यात गेलं होतं. आल्या त्या सरळ कपाटाशी. दार उघडलं. एकतीस ओळी, एकतीस परके. "ज्याच्यात माहा पोरगा नाही," बाई मोठ्यानं म्हणाल्या, घरात कोणी नसताना, "ते माह्या घरात कायले?" नखानं कोपरा उचकटायला गेल्या, पण खळ त्यांची स्वतःची, पक्की बसलेली. मग मोरीतून ओलं फडकं आणलं आणि पत्रकावर दाबून धरलं, जुन्या जखमेवरची पट्टी सोडवतात तसं. कागद फुगला. कोपरा सुटला. सिस्टरचे हात, ओढायचं नाही हे त्यांना सांगावं लागत नाही. हळूहळू अख्खं पत्रक पापुद्र्यासारखं हातात आलं आणि चुरगाळण्यासाठी बाईंनी ते उलटं केलं. मागच्या बाजूला खळीचे डाग होते आणि डागांखाली छपाई. वर बिशपसाहेबांचे दौरे. जानराव खोटं बोलले नव्हते. पण दौरे अर्ध्या पानातच संपत होते, आणि खाली चौकट होती. ‘विशेष विनंत्या. उपासनेत वाचू नयेत, घरच्या प्रार्थनेत आठवण करावी.’

पहिलीच ओळ: ‘रेव्ह. प्रेमानंद जानराव साळवे यांच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया शुक्रवार ३ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे. सहा महिने रजेवर. सौ. धम्मशीला व चि. छकुली यांना धीर मिळावा.’

झडप. बाईंनी ओळ पुन्हा वाचली. मग खालची वाचली. ‘श्रीमती छाया साळवे, बुलढाणा. एकट्या राहतात. प्रकृती व मनःशांती यांसाठी. (मुलाची विनंती, कायम.)’

कायम म्हणजे? बाई दाराकडं वळल्या. तिथं आता जुलैचं पत्रक दिसत होतं, एकोणीस तारखेला प्रेमानंदच्या नावासकट. फडकं पुन्हा भिजवलं. दाबलं. जुलैचं सुटलं, उलटं केलं. ‘श्रीमती छाया साळवे, बुलढाणा. (मुलाची विनंती, कायम.)’ एप्रिलचं सुटलं. तेच. त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. एका पत्रकात लिहिलं होतं, गुडघेदुखी आहे असे कळते. त्या हिवाळ्यात गुडघे खरंच धरले होते. कोणाकडून कळलं त्याला? कोणी का सांगेना! चार वर्षं, अख्खा धर्मप्रांत, नागपूरपासून धाडपर्यंत, घरोघरी छायाबाईंचं नाव घेत होता. आणि छायाबाई ते नाव दर तीन महिन्यांनी स्वतःच्या हातानं खळ लावून दाराकडं तोंड करून चिकटवत होत्या. चर्चमधल्या सगळ्यांनी वाचलं होतं. वाचून त्यांनी बघितलं होतं बाईंकडं, चार वर्षं, की एवढं छापून येतंय तरी ही बाई फोन करत नाही. सभेतली ती अर्धी प्रार्थना बाईंसाठी होती. जाता का, म्हणजे नागपूरला जाता का. पलंगभर ओले कागद पसरले होते आणि बाई रडत रडत पुढचा थर सोडवत होत्या.

शेवटी एक पत्रक निघालं, मातीनंतरच्या पहिल्या ऑक्टोबरचं. बाईंनी स्वतः डकवलेलं पहिलंच. एक कोपरा वाकडा बसला होता. त्याच्या मागं लिहिलं होतं: ‘बुलढाणा मंडळीच्या श्रीमती छाया साळवे यांचे पती निवर्तले. त्यांना सांत्वन मिळावे. थांबता आले नाही याबद्दल त्यांच्या मनात काही सल असल्यास प्रभूने तो काढून टाकावा. ही विनंती मुलाकडून.’

म्हणजे त्याला माहीत होतं. नारायणरावांनी सांगितलं असेल, का त्यानं मातीवर हात ठेवून स्वतःच ओळखलं असेल, कोण जाणे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्यानं एका शब्दानं म्हटलं नाही, की आई, तूच थांबली नाहीस. त्याखालचं पत्रक जानरावांच्या हातचं होतं, चारही कोपरे काटकोनात. ते बाईंनी सोडवलं नाही.

मोबाईलवर ‘संग्रामपूर’ शोधताना ओल्या बोटांना काच दाद देईना. पदराला बोटं पुसली, दाबलं. दोनदा वाजून फोन उचलला गेला, आणि मागं दवाखान्याचा तो आवाज आला जो बाई झोपेतही ओळखतील, चाकाच्या खुर्चीचा आणि फिनेलच्या बादलीचा. "हॅलो?" धम्मशीला होती. मग विश्वास न बसल्यासारखं, "आई?"

"हाव, मी. कोणत्या वार्डात हाय तो? बीपी किती हाय? ताप तर नाही ना? दातातून रक्त येते का त्याच्या, ते सांगतलं का डॉक्टरले?" बाईंना स्वतःचा सिस्टरचा आवाज ऐकू आला आणि तो तिथंच फुटला. "धम्मशीला, पोरी, परवा किती वाजता नेतात त्याले थेटरात?"

"सकाळी आठले, आई."

"मी येऊन राह्यली. आताची गाडी भेटते का पाहाते, नाही तर नारायणरावले सांगते, पाळकीणबाईबी येते म्हणत होती. रात्रीतून पोचते. पण काही झालं, गाडी बिघडली, रस्त्यात अडकली, तरी..." पलंगावर सगळीकडं त्यांचंच नाव वाळत पडलं होतं. "त्याले म्हणा, आई रस्त्यात हाय. डॉक्टरले म्हणा. थोडं थांबा म्हणा माह्यासाठी."

तिकडं फोन कोणाच्यातरी हातात गेला. श्वास ऐकू आला, जड, मध्येच अडखळणारा. बाईंनी तो सातव्या वर्षापासून मोजला होता.

"थांबतो ना बे आई," प्रेमानंद म्हणाला.